सवलतीआडची मक्तेदारी : प्रोसेसर उद्योगातील स्पर्धा आणि कायदा

संगणकाचा मेंदू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रोसेसरच्या बाजारात ग्राहकाला निवड करायची असते ती प्रामुख्याने दोन नावांतून : इंटेल आणि एएमडी. घरगुती व कार्यालयीन संगणकांच्या जगात गेली चार दशके या दोन अमेरिकी कंपन्यांचे द्वंद्व सुरू आहे. हे द्वंद्व प्रयोगशाळेत जेवढे रंगले, तेवढेच न्यायालयातही रंगले. कोणाची चिप अधिक वेगवान, हा त्यातील एक प्रश्न. दुसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे : बाजारातील बलाढ्य कंपनीने दिलेली सवलत ही निकोप स्पर्धा कधी असते आणि प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणारी भिंत कधी होते?

हा प्रश्न ब्रुसेल्स किंवा वॉशिंग्टनपुरता मर्यादित नाही. मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग पट्ट्यात छोटा व्यापार, छोटे कारखाने आणि मध्यमवर्गीय वसाहती एकमेकांना खेटून आहेत. येथे संगणक घेणाऱ्यांपैकी अनेकांनी नामांकित कंपनीचा तयार संच न घेता सुटे भाग जोडून तयार केलेला, म्हणजेच बाजाराच्या भाषेत 'असेंबल्ड', संगणक घेतला आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, स्थानिक दुकानात त्यांची जोडणी करायची आणि दुरुस्तीची हमी दुकानदाराने आपल्या शब्दावर द्यायची, ही या व्यवसायाची रीत. या साखळीच्या अगदी शेवटच्या कडीवर असलेल्या दुकानदाराला आणि ग्राहकाला प्रोसेसर कंपन्यांचे करार कधीच दिसत नाहीत. त्यांचे परिणाम मात्र किमतीत, निवडीत आणि हमीपत्रात उतरतात.

भागीदारीतून वैर

इंटेलची स्थापना १९६८ मध्ये रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी केली. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, जेरी सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲडव्हान्स्ड मायक्रो डिव्हाइसेस म्हणजेच एएमडी सुरू केली. इंटेलने १९७१ मध्ये ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. मात्र दोन्ही कंपन्यांचे भवितव्य ठरवले ते १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाने. आयबीएमने त्यासाठी इंटेलची ८०८८ ही चिप निवडली. पण एकाच पुरवठादारावर विसंबून राहण्याची तिची तयारी नव्हती. तोच माल बनवणारा दुसरा पुरवठादार हवा, या तिच्या आग्रहातून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात तंत्रज्ञान देवाणघेवाणीचा करार झाला.

हे सहकार्य फार काळ टिकले नाही. १९८५ मध्ये आलेल्या ३८६ या प्रोसेसरचे तंत्रज्ञान एएमडीला देण्यास इंटेलने नकार दिला. १९८७ मध्ये वाद लवादापुढे गेला. दरम्यान एएमडीने स्वतःच्या बळावर ३८६ शी सुसंगत चिप तयार करून १९९१ मध्ये विक्रीस आणली. १९९२ मध्ये लवादाचा कौल एएमडीच्या बाजूने लागला, १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि १९९५ मध्ये उभय पक्षांत समझोता झाला. '३८६' हा आकडा कोणा एकाच्या मालकीचा व्यापारचिन्ह ठरू शकत नाही, असे न्यायालयात स्पष्ट झाल्यानंतर इंटेलने आकड्यांची परंपरा सोडली. १९९३ च्या प्रोसेसरला 'पेंटियम' हे नाव मिळाले. त्याआधी, १९९१ मध्ये, 'इंटेल इनसाइड' ही मोहीम सुरू झाली होती. आपल्या जाहिरातीत हे बोधचिन्ह वापरणाऱ्या संगणक उत्पादकांच्या जाहिरात खर्चाचा काही भार इंटेल उचलू लागली. संगणकाच्या आत दडलेल्या, ग्राहकाला कधीच न दिसणाऱ्या सुट्या भागाचे नाव त्यामुळे घराघरांत पोहोचले.

वेगाची शर्यत आणि बाजाराचे दार

१९९९ मध्ये एएमडीने 'ॲथलॉन' आणला आणि चित्र पालटू लागले. मार्च २००० मध्ये एक गिगाहर्ट्झचा टप्पा एएमडीने इंटेलच्या दोन दिवस आधी गाठला. २००३ मध्ये सर्व्हरसाठी 'ऑप्टेरॉन' आणि घरगुती संगणकांसाठी 'ॲथलॉन ६४' हे ६४-बिट प्रोसेसर आले. जुन्या सॉफ्टवेअरशी सुसंगत राहून ६४-बिटकडे जाण्याची एएमडीची ही पद्धत पुढे इंटेललाही स्वीकारावी लागली. तंत्रज्ञानाच्या निकषावर अनुयायी पुढे गेला होता.

तरीही मोठ्या संगणक कंपन्यांची दारे एएमडीसाठी पुरेशी उघडली नाहीत. डेल तर २००६ पर्यंत केवळ इंटेलचेच प्रोसेसर वापरत होती. चांगला माल असूनही गिऱ्हाईक का मिळत नाही, या प्रश्नाचे एएमडीने दिलेले उत्तर म्हणजे जून २००५ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर येथे इंटेलविरुद्ध दाखल केलेला दावा. 'आमच्या प्रतिस्पर्ध्यापासून दूर राहा' या अटीवर इंटेल संगणक उत्पादकांना मोठमोठ्या रकमा देते, हा त्यातील आरोपांचा गाभा होता. त्याआधीच, मार्च २००५ मध्ये, जपानच्या व्यापार आयोगाने इंटेलच्या जपानी उपकंपनीवर ठपका ठेवला होता. इंटेलने आरोप मान्य न करता आयोगाची शिफारस स्वीकारली. २००८ मध्ये दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगाने दंड ठोठावला.

सर्वांत मोठा आघात झाला तो १३ मे २००९ रोजी. युरोपीय आयोगाने इंटेलला १ अब्ज ६ कोटी युरोंचा दंड केला. ऑक्टोबर २००२ ते डिसेंबर २००७ या काळात डेल, एचपी, एनईसी आणि लेनोव्हो यांना दिलेल्या सवलती सशर्त होत्या, असा आयोगाचा निष्कर्ष होता. एचपीच्या बाबतीत अट अशी, की व्यावसायिक वापराच्या डेस्कटॉप संगणकांसाठी लागणाऱ्या प्रोसेसरपैकी किमान ९५ टक्के इंटेलचेच असावेत. केवळ इंटेलचेच संगणक विकावेत यासाठी मीडिया सॅटर्न या युरोपीय विक्रेत्या साखळीला रकमा दिल्याचेही आयोगाने नमूद केले. काही ठिकाणी तर एएमडीचा प्रोसेसर असलेली उत्पादने बाजारात आणण्यास विलंब लावावा, म्हणून पैसे मोजले गेल्याचे आयोगाने म्हटले. इंटेलने हे सर्व निष्कर्ष नाकारले. संगणकांच्या किमती सातत्याने उतरत आहेत, ग्राहकाचे हित साधले जात आहे आणि मोठ्या खरेदीवर सूट देणे हा व्यापाराचा सर्वमान्य नियम आहे, असा तिचा युक्तिवाद होता.

सवलतीचे गणित

सवलत म्हणजे स्वस्ताई. मग तिच्यात अन्याय कसला, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर एका काल्पनिक उदाहरणातून स्पष्ट होते.

समजा, एका संगणक उत्पादकाला १०० प्रोसेसर हवे आहेत. मोठ्या कंपनीच्या प्रोसेसरची किंमत प्रत्येकी ५,००० रुपये आहे. तिच्या नावाला असलेल्या मागणीमुळे ९० प्रोसेसर तिचेच घेणे त्याला भाग आहे. प्रतिस्पर्ध्याला झगडायला वाव आहे तो उरलेल्या १० नगांपुरता. आता मोठी कंपनी सांगते : 'किमान ९५ टक्के माल आमचा घ्या, सर्व खरेदीवर १० टक्के सूट देऊ.' शंभर नगांचे मूल्य पाच लाख. त्यावर सूट ५० हजार. उत्पादकाने दहा नग प्रतिस्पर्ध्याकडून घेतले, तर ही संपूर्ण सूट हातची जाते. तेव्हा आपले दहा नग विकण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला ५० हजारांची तूट भरून द्यावी लागेल. म्हणजेच नगामागे ५,००० रुपये. थोडक्यात, केवळ मोठ्या कंपनीच्या सूट दिलेल्या किमतीशी नव्हे, तर तिच्या सर्व नव्वद नगांवरील सुटीशीही त्याला आपल्या दहा नगांच्या जोरावर झुंजावे लागते. माल जवळजवळ फुकट दिला, तरच व्यवहार बरोबरीत येतो.

हे उदाहरण वाटते तेवढे अतिरंजित नाही. एएमडीने एका संगणक उत्पादकाला दहा लाख प्रोसेसर मोफत देऊ केले होते. परंतु त्याने त्यांतील केवळ १ लाख ६० हजारच घेतले, असे युरोपीय आयोगाने आपल्या निर्णयाच्या वेळी सांगितले होते. सर्व दहा लाख घेतले असते, तर उरलेल्या मोठ्या खरेदीवरील इंटेलची सवलत गेली असती. फुकटची वस्तूही महाग पडावी, अशी ही परिस्थिती होती.

सवलतीची नशा कशी चढते, याचेही उदाहरण उपलब्ध आहे. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०१० मध्ये डेलवर केलेल्या कारवाईत असे नमूद केले, की इंटेलकडून मिळणाऱ्या रकमा डेलच्या २००७ या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत तिच्या कामकाजी नफ्याच्या ७६ टक्के इतक्या झाल्या होत्या. ही गोष्ट गुंतवणूकदारांपासून दडवल्याच्या आरोपावरून डेलने आरोप मान्य वा अमान्य न करता १० कोटी डॉलरचा दंड भरला.

न्यायाची लांबलेली वाट

नोव्हेंबर २००९ मध्ये इंटेलने एएमडीला सव्वा अब्ज डॉलर देऊन आपसांतील दावे मिटवले. अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने डिसेंबर २००९ मध्ये दाखल केलेले प्रकरण ऑगस्ट २०१० मध्ये समझोत्याने संपले. प्रतिस्पर्ध्याकडून खरेदी न करण्याच्या बदल्यात लाभ देण्यावर त्यात बंधने आली.

युरोपातील प्रकरण मात्र चालतच राहिले. २०१४ मध्ये सर्वसाधारण न्यायालयाने दंड कायम केला. २०१७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द करून फेरविचाराचा आदेश दिला : सवलत सशर्त आहे एवढ्यावरून ती बेकायदा ठरत नाही, तेवढ्याच कार्यक्षम प्रतिस्पर्ध्याला ती बाजाराबाहेर ढकलू शकते का, हे संबंधित कंपनीने पुराव्यांसह आव्हान दिल्यास तपासले पाहिजे. वर मांडलेले गणित हीच ती कसोटी. जानेवारी २०२२ मध्ये आयोगाचे या कसोटीचे विश्लेषण सदोष ठरले आणि दंड रद्द झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही तेच मान्य केले. प्रतिस्पर्ध्याची उत्पादने रोखण्यासाठी थेट पैसे दिल्याचा भाग तेवढा टिकला. त्यासाठी आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे ३७ कोटी ६० लाख युरोंचा नवा दंड लावला होता. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वसाधारण न्यायालयाने तोही कमी केला. ज्या व्यवहारांपासून प्रकरण सुरू झाले, त्यांना तोवर वीस वर्षे उलटून गेली होती.

या निकालांचा अर्थ सवलतींना मोकळे रान मिळाले, असा नाही. मोठेपणा हा गुन्हा नाही आणि स्वस्त विकणे हाही नाही. गैरवापर सिद्ध करायचा तर आकड्यांनिशी सिद्ध करावा लागेल, एवढाच त्यांचा अर्थ. परंतु अशा सिद्धतेला जो वेळ लागतो, त्या काळात बाजार थांबून राहत नाही. एएमडीने २००९ मध्ये आपले चिपनिर्मितीचे कारखाने वेगळ्या कंपनीकडे सोपवले आणि केवळ आरेखनावर लक्ष केंद्रित केले.

अंबरनाथच्या काडेपेटीचा दाखला

बलाढ्य उत्पादक आणि त्याच्या छोट्या प्रतिस्पर्ध्यांचा हाच प्रश्न याच पट्ट्यात शंभर वर्षांपूर्वी वेगळ्या वस्तूच्या निमित्ताने उभा राहिला होता. ती वस्तू म्हणजे काडेपेटी. इव्हार क्रूगर यांच्या नेतृत्वाखालील स्वीडिश मॅच कंपनीने जगभरातील आगकाड्यांचा व्यापार आपल्या छत्राखाली आणण्याचा चंग बांधला होता. पोलंड, जर्मनी यांसारख्या देशांच्या सरकारांना कर्जे देऊन त्या बदल्यात तिने मक्तेदारीचे हक्क मिळवले.

हिंदुस्थान सरकारने १९२२ मध्ये आयात आगकाड्यांवर दर ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांमागे, दीड रुपया शुल्क बसवले. पेटीमागे हे दोन पै होतात. या शुल्काच्या आडोशाने देशी कारखाने उभे राहू लागले. स्वीडिश कंपनीने मग शुल्काच्या भिंतीबाहेर थांबण्याऐवजी भिंतीच्या आत येणे पसंत केले. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच 'विम्को', स्थापन झाली आणि अंबरनाथ येथे तिचा कारखाना उभा राहिला. ही परकीय कंपनी भाव पाडून आपल्याला संपवू पाहत आहे, अशी देशी कारखानदारांची तक्रार होती. तत्कालीन टॅरिफ बोर्डाने या उद्योगाची चौकशी केली आणि १९२८ मध्ये आयात शुल्काला संरक्षक शुल्काचे रूप देणारा कायदा झाला. गंमत अशी, की अंबरनाथचा कारखाना देशातच असल्याने त्या संरक्षणाचा लाभ त्यालाही मिळाला. क्रूगर यांनी १९३२ मध्ये पॅरिसमध्ये आत्महत्या केली आणि त्यांचे साम्राज्य कोसळले. विम्को मात्र टिकली. पुढे २००५ मध्ये ती आयटीसी समूहाकडे गेली. स्वस्त काडेपेटी हे ग्राहकाचे हित की उद्याच्या मक्तेदारीचा हप्ता, हा तेव्हाचा वाद आणि प्रोसेसरवरील सवलतींचा वाद यांचे मूळ एकच आहे.

भारतीय कायदा आणि हमीपत्राचा प्रश्न

स्वतंत्र भारतात मक्तेदारीविषयक पहिला व्यापक कायदा १९६९ चा. त्याची जागा २००२ च्या स्पर्धा कायद्याने घेतली. बाजारातील वर्चस्वाच्या गैरवापराविरुद्धच्या तरतुदी प्रत्यक्ष अमलात आल्या त्या २० मे २००९ पासून. म्हणजे युरोपीय आयोगाने इंटेलला दंड केला त्यानंतर एका आठवड्याने. या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार वर्चस्व असणे हा अपराध नाही. त्याचा गैरवापर हा अपराध आहे.

भारतीय स्पर्धा आयोगापुढे इंटेलविरुद्ध पहिली महत्त्वाची तक्रार आणली ती ईसिस इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीज या वितरक कंपनीने. जानेवारी २०१४ मध्ये आयोगाने निर्णय दिला : इंटेलचे बाजारात वर्चस्व आहे, परंतु गैरवापर सिद्ध झालेला नाही. तक्रार निकालात निघाली.

दुसरे प्रकरण छोट्या दुकानदाराच्या अधिक जवळचे होते. प्रोसेसर दोन प्रकारे विकले जातात. मोठ्या उत्पादकांना ते घाऊक मिळतात, तर सुट्या विक्रीसाठी ते कंपनीच्या मोहोरबंद खोक्यात येतात. या खोक्यातील प्रोसेसरवर सहसा तीन वर्षांची हमी असते. जगात कोठेही विकत घेतलेल्या अशा प्रोसेसरसाठी पूर्वी भारतात हमीची सेवा मिळत असे. एप्रिल २०१६ पासून इंटेलने भारतासाठी निराळे धोरण लागू केले. भारतातील अधिकृत वितरकामार्फत आलेल्या मालालाच येथे हमी. परदेशातून आणलेल्या मालासाठी ग्राहकाने ज्या देशात खरेदी झाली तेथेच दाद मागावी.

माल अस्सल, कंपनी तीच, खोकेही तेच. फरक केवळ तो कोणत्या वाटेने आला एवढाच. परदेशातील वितरकाकडून स्वस्तात माल आणणाऱ्या समांतर आयातदारांवर याचा थेट परिणाम होणे अटळ होते. हमी नसलेला प्रोसेसर दुकानदार कोणत्या तोंडाने विकणार? आणि समांतर माल हटला, की अधिकृत वितरकांच्या किमतीला आव्हान देणारे कोण उरणार? मॅट्रिक्स इन्फो सिस्टिम्स या कंपनीच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला. इंटेलने हे धोरण एप्रिल २०२४ पासून मागे घेतले. फेब्रुवारी २०२६ मध्ये आयोगाने ते भेदभावकारक ठरवून कंपनीला सुमारे २७ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

उल्हासनगरमधील जोडणी करणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने पाहिले, तर युरोपातील सवलतींपेक्षा हे धोरण अधिक बोचणारे होते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या या शहराचा व्यापार कमी नफ्यावर आणि जास्त उलाढालीवर उभा राहिला आहे. स्वस्त पुरवठ्याची वाट हे अशा व्यापाराचे भांडवल असते. ती बंद झाली, तर मोठ्या संचउत्पादकाचे काही बिघडत नाही. बिघडते ते महिन्याकाठी मोजके संगणक विकणाऱ्याचे आणि बदलापुरात मुलाच्या अभ्यासासाठी पैसे साठवून संगणक घेणाऱ्या कुटुंबाचे.

पालटलेले पारडे

२०१७ मध्ये एएमडीने 'रायझन' मालिका आणली आणि ती पुन्हा बरोबरीने उभी राहिली. २०२२ मध्ये बाजारमूल्यात तिने इंटेलला मागे टाकले. एकेकाळी मक्तेदारीच्या आरोपांना सामोरी जाणारी इंटेल इतकी अडचणीत आली, की ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने तिच्यात सुमारे दहा टक्के भागभांडवल घेण्याचे ठरवले. कोणतीही मक्तेदारी चिरकाल टिकत नाही, असा याचा अर्थ काढता येईल. परंतु अशा स्थित्यंतराची वाट पाहत असताना ग्राहक आणि छोटे व्यापारी जी किंमत मोजतात, तिची भरपाई कोणी करत नाही. दंडाची रक्कम सरकारजमा होते आणि समझोत्याची रक्कम प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जाते.

म्हणूनच छोट्या खरेदीदाराने स्वतःपुरती दक्षता घेणे महत्त्वाचे ठरते. प्रोसेसर मोहोरबंद खोक्यातला आहे की सुटा, हे पाहावे. खोक्यावरील क्रमांक आणि प्रोसेसरवरील क्रमांक जुळतात का, हे तपासावे. तो क्रमांक पक्क्या बिलावर लिहून घ्यावा. हमी उत्पादकाची आहे की दुकानदाराची, हे खरेदीपूर्वी स्पष्ट करून घ्यावे. दोन बलाढ्य कंपन्यांच्या झुंजीत सामान्य ग्राहकाच्या हाती असलेला सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे हे बिलच.